चोवीस तासांची मुदत
आज बाबांच्या फिजिओथेरपीच्या वेळी त्यांच्याजवळ बसले होते आणि उजव्या हाताने पेला उचलण्याची त्यांची धडपड पाहताना पक्षाघातावरील संशोधनाबद्दल मनापासून कृतज्ञता वाटली. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध झटक्यानंतरच्या पहिल्या ३ तासांत उपयोगी पडते, हे १९९५ मध्ये सिद्ध झाले. पुढे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डॉन’ चाचणीने दाखवले की, मेंदूचा वाचवता येण्याजोगा भाग स्कॅनमध्ये दिसत असेल, तर निवडक रुग्णांच्या मोठ्या रक्तवाहिनीतील गुठळी ६ ते २४ तासांच्या दरम्यानही नळीवाटे काढणे हितकारक ठरते. (म्हणून थांबून पाहावे, असे मात्र मुळीच नाही, उपचाराविना दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात.) बाबांच्या आजाराचे मूळ हृदयाच्या अनियमित ठोक्यांत होते, त्यामुळे रक्तात गुठळी होऊ न देणारी गोळी ते आता न चुकता घेतात. पेला आज ओठांपर्यंत पोहोचला.