हात आत जातो का?

आठवीत असताना एका सोमवारी इंग्रजीच्या बाई पुस्तक न घेताच वर्गावर आल्या. मागून शिपाईमामा, डोक्यावर आंब्याची रिकामी पेटी. बाईंच्या पिशवीतून मग एकेक वस्तू निघाली: लोणच्याची चिनी मातीची बरणी, रॉकेलची बाटली, बिस्किटांचा पत्र्याचा डबा, काड्यापेटी. तो तास संपेपर्यंत वर्गाला रॉकेलचा वास होता. साल १९८४. आम्ही पाचवीत एबीसीडी गिरवायला लागलेली मुलं. डबा, डबी, पेटी, खोका, करंडा, सगळं आम्ही एका 'बॉक्स'मध्ये कोंबायचो.

बाईंनी बरणी आणि बाटली शेजारी शेजारी ठेवल्या. "हात आत जातो का? जात असेल तर जार. नसेल तर बॉटल."

मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, माझा हात लहान आहे."

बाईंनी त्याला पुढे बोलावलं आणि बाटलीत हात घालायला लावला. एक बोट गेलं आणि अडकलं. मामांनी साबण आणेपर्यंत तो बाटली हातात घालून उभा. त्या दिवसापासून शाळा सुटेपर्यंत त्याचं नाव 'बॉटल' पडलं. (तो हे वाचणार आहे, म्हणून खरं नाव लिहीत नाही.)

आंब्याच्या पेटीला आम्ही हमखास 'बॉक्स' म्हणालो. बाईंनी पेटी उचलून खिडकीसमोर धरली. फळ्यांच्या फटींतून ऊन आमच्या तोंडावर आलं, पेंढ्याच्या चार काड्या खाली पडल्या. "वारा आरपार जातोय, म्हणजे क्रेट. पुठ्ठ्याचा खोका तो कार्टन." मग काड्यापेटी खुळखुळवली: 'अ बॉक्स ऑफ मॅचेस'. काड्या टेबलावर ओतल्या आणि रिकामी पेटी दाखवली: आता नुसती 'मॅचबॉक्स'. मराठीत चहाचा कप फुटतोही आणि पितातही. इंग्रजीत फुटतो तो 'टीकप', पितात तो 'कप ऑफ टी'. हे मला इतकं आवडलं होतं की घरी जाऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, कुठलाही फोडू नकोस.

पुढे पोटापाण्यासाठी न्हावा-शेव्याला आलो. बंदर १९८९ साली सुरू झालेलं, मी तिथे एका कस्टम्स एजंटकडे कागद करायला लागलो ते तीनेक वर्षांनी. मुंबईची भाषाही तेव्हाच कळली: पेटी म्हणजे लाख, खोका म्हणजे कोटी. माझ्या वाट्याला मात्र खरेच खोके आले. निर्यातीच्या कागदांवर नग किती आणि कसले, हे लिहावंच लागतं आणि प्रत्येक प्रकाराला दोन अक्षरांचा कोड असतो. कार्टनला सीटी, क्रेटला सीआर, ड्रमला डीआर. की-बोर्डवर आर आणि टी एकमेकांना खेटून बसलेले.

एकदा काजूगराचा कंटेनर होता. ११.३४ किलोचा एक डबा, दोन डब्यांचं एक कार्टन, अशी ७०० कार्टन. घाईत माझं बोट आरवर पडलं आणि कागदावर ७०० क्रेट झाले. पलीकडून विचारणा आली: क्रेट म्हणजे लाकूड, लाकडावर प्रक्रिया केल्याचा शिक्का कुठे आहे? लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंशांची उष्णता ३० मिनिटं द्यायची, नाहीतर धुरी द्यायची, म्हणजे कीड परदेशात जात नाही, असा तो नियम. आमच्याकडे तर सगळा पुठ्ठा. बँकेनेही कागद जुळत नाहीत म्हणून परत पाठवले. दुरुस्तीत आठ दिवस गेले. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर खिडकीतली आंब्याची पेटी होती.

त्यानंतर शब्दांच्या मागे लागायची खोडच लागली. पत्र्याचा डबा इंग्रजांचा 'टिन', अमेरिकनांचा 'कॅन'. काजूवाले मात्र अमेरिकेला माल पाठवतानाही टिनच म्हणतात. आपण ज्याला नुसता कॅन म्हणतो, तो खरा 'जेरीकॅन'. जेरी हे ब्रिटिश सैनिकांनी जर्मनांना दिलेलं टोपणनाव. जर्मन सैन्याचा २० लिटरचा पेट्रोलचा डबा, वर तीन मुठी, एकट्याला उचलता येईल आणि दोघांनाही. ब्रिटिशांना तो इतका आवडला की त्यांनी तसाच बनवून घेतला, नाव मात्र शत्रूचंच ठेवलं.

स्मरणिकेसाठी लिहायचं ठरल्यावर बाईंना भेटून आलो. ऐंशी उलटून गेलीत, पण आवाज तोच. स्वयंपाकघरात पाण्याचा २० लिटरचा जार उलटा लावलेला. मला राहवलं नाही. म्हटलं, "बाई, सगळे याला जार म्हणतात. हात तर आत जात नाही!"

बाईंनी जाराच्या गळ्याकडे नीट पाहिलं.

"मग बॉटलच आहे ती," म्हणाल्या. "पाणीवाला माझ्या वर्गात नव्हता, त्याला मी काय करू? घे, चहा घे."