टांग्याचा नाल

आमच्या पुण्याच्या हुजूरपागा शाळेच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी ‘दोनशे शब्दांत आठवण लिहा’ असं पत्र आलं. दोनशेत बसणार नाही, हे संपादक मंडळाने आधीच धरून चालावं. शाळेबद्दल म्हणून तीनदा लिहायला बसले आणि तिन्ही वेळा बाईच समोर येऊन उभ्या राहिल्या. नाव लिहीत नाही. इतिहासाच्या बाई, पदराच्या टोकाला कायम खडू लागलेला, एवढं म्हटलं की आमच्या वेळच्या सगळ्याजणी ओळखतील.

आठवीत होते. पावसाळ्याचे दिवस. मधल्या सुट्टीत लंगडी घालताना पायाला काहीतरी बोचलं. माती उकरून पाहिलं तर घोड्याचा नाल! गंजलेला, एका बाजूने झिजून पातळ झालेला, दोन खिळे अजून भोकांत अडकलेले. हुजूरपागा म्हणजे खुद्द पेशव्यांच्या घोड्यांची पागा, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून पाठ. तिथे नाल सापडला, आणि तो मला! घंटा होईपर्यंत त्या नालाचा घोडा अटकेला जाऊन परतही आला होता.

बाईंनी नाल हातात घेतला, उलटा केला, तळहातावर तोलला आणि म्हणाल्या, “कशावरून?”

“इथे पागा होती ना, बाई.”

“पागा होती. पण हा त्या पागेतला कशावरून?”

दोन दिवसांनी शाळा सुटल्यावर त्या मला घेऊन थेट टांग्याच्या अड्ड्यावर गेल्या. तिथल्या नालबंदाने अंगठ्याने गंज खरवडला, खिळ्यावर नख मारलं आणि हसला. “टांग्याचा हाय बाई. खिळा कारखान्यातला. पूर्वी हातानं घडवायचे. आन् ही झीज डांबरी रस्त्याची.” माझे पेशवे तिथेच संपले. वर्गाने मला ‘टांगेवाली’ म्हणायला सुरुवात केली. गणपती येईपर्यंत मी बाईंच्या तासाला हात वर केला नाही. बाईंनीही समजूत काढली नाही. ते त्यांच्या स्वभावात नव्हतं.

पुढच्याच तासाला मात्र त्यांनी फळ्याच्या मधोमध रेघ ओढली. एकीकडे ‘ठाऊक’, दुसरीकडे ‘ऐकीव’. शाळेबद्दल जे जे माहीत असेल ते सांगा, म्हणाल्या. स्थापना २९ सप्टेंबर १८८४, हे ठाऊकमध्ये. संस्थापक न्यायमूर्ती रानडे, भांडारकर, वामन आबाजी मोडक, हेही तिथेच. शाळा आधी पागेत नव्हे, एका वाड्यात भरली, ही जागा पुढे सांगलीच्या पटवर्धनांकडून मिळाली, हे ऐकून निम्मा वर्ग चकित झाला. रोज पाटीवर शाळेच्या नावात वाचत होतो त्या एच.एच.सी.पी.मधले सी.पी. म्हणजे चिंतामणराव पटवर्धन, हेही त्याच दिवशी कळलं. मुलींसाठी हायस्कूल हवं म्हणून रमाबाई रानड्यांनी गव्हर्नर फर्ग्युसनसमोर इंग्रजीत भाषण केलं होतं, ते सांगताना बाईंचा आवाज किंचित चढला. आणि लगेच, त्याच आवाजात, टिळकांचा या शाळेतल्या शिक्षणक्रमाला विरोध होता, हेही त्यांनी ‘ठाऊक’मध्येच लिहिलं. केसरीवाडा शाळेपासून चालत काही मिनिटांवर. त्या काळी नारायण पेठेत हे फळ्यावर लिहायला छाती लागायची. घरी सांगितलं तेव्हा नाना दोन दिवस धुसफुसत होते.

इरावती कर्वे, शांता शेळके याच शाळेच्या. त्यांच्याबद्दल या अंकात बाकीच्या लिहितीलच. मी लेखापरीक्षणात चौतीस वर्षं काढली. मोठमोठे अधिकारी चहा मागवून ‘अहो, कामं तर झालीच आहेत’ म्हणायचे, आणि माझ्या तोंडून आपोआप निघायचं, “कशावरून?” व्हाउचर दिसल्याशिवाय सही केली नाही. त्यापायी दोन बदल्या झाल्या, त्याचं काही नाही. धाकटी नात आर्किटेक्ट होतेय, तिला जुन्या वाड्यांचा नाद आहे. वाईट एवढंच वाटतं की हे सगळं बाईंना सांगायला जाईन जाईन म्हणत राहिले आणि एक दिवस वर्तमानपत्रात त्यांचा फोटो दिसला.

परवा लक्ष्मी रस्त्यावरून गेले. साड्यांच्या दुकानांची गर्दी, हॉर्न. शाळेची घंटा झाली असेल तरी कानावर आली नाही. टांगे तर आता कुणाला आठवतही नसतील.

अकरावीच्या निरोप समारंभानंतर बाईंनी मला एक पुडकं दिलं होतं. आत तोच नाल, तेल लावून पुसलेला, आणि सुतळीने बांधलेली चिठ्ठी: ‘टांग्याच्या घोड्याचा नाल. शाळेच्या मैदानात सापडला.’ खाली माझं पूर्ण नाव, सापडल्याची तारीख, आणि नालबंदाचंही नाव, ‘माहिती देणार’ म्हणून.

महोत्सवाच्या प्रदर्शनासाठी जुन्या वस्तू मागवल्या आहेत असं पत्रात आहे. लेखासोबत नाल पाठवते आहे, चिठ्ठीसकट. चिठ्ठी सोडवू नये. आणि कृपा करून त्याच्याखाली ‘पेशवेकालीन’ असं लिहू नये.