सेन्सरच्या सिग्नलमधली माहिती नेमकी कुठे गळते

एडीसी (सेन्सरच्या व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) १२ बिटचा आहे म्हणून प्रत्येक सॅम्पलमध्ये १२ बिट माहिती असते असं नाही. इनपुट स्थिर ठेवा, हजारभर रीडिंग घ्या आणि त्यांचं स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे सरासरीभोवतीचा विखार, काढा. ते ४ एलएसबी (एलएसबी म्हणजे एडीसीची सगळ्यात लहान पायरी) आलं तर कामाचे बिट साधारण ८.२ च उरतात. आदर्श एडीसीचा स्वतःचा नॉइज (आकडा पायरीवर बसवताना होणारी चूक) ०.२९ एलएसबी असतो, त्याच्या हा जवळजवळ १४ पट झाला.

यातले काही बिट सरासरीने परत मिळतात. सिग्नल संथ असेल आणि एका रीडिंगमधल्या नॉइजचा पुढच्याशी संबंध नसेल, तर १६ रीडिंगच्या सरासरीने नॉइज चौपट घटतो, म्हणजे २ बिट मिळाले. गंमत अशी की बहुतेक कोडमध्ये बेरजेला लगेच १६ ने इंटिजर भागाकार होतो आणि कमावलेले तेच २ बिट कापले जातात. ४ ने भागा आणि उत्तर १४ बिटचं धरा. बेरीज जास्तीत जास्त ६५,५२० होते, त्यामुळे १६ बिटचा अनसाइन्ड व्हेरिएबल पुरतो. साइन्ड घेतला तर रीडिंग अर्ध्या रेंजच्या वर गेली की ओव्हरफ्लो ठरलेला. नॉइज फारच कमी असला तर मात्र सगळी रीडिंग एकसारखीच येतात आणि सरासरीतून काहीच हाती लागत नाही. तेव्हा मुद्दाम थोडा नॉइज मिसळावा लागतो.

मधूनच उसळणाऱ्या स्पाइकसाठी मीडियन (क्रमाने लावलेल्या रीडिंगमधलं मधलं) बरा. पण साध्या गॉसियन (घंटेच्या आकाराने विखुरलेल्या) नॉइजमध्ये सरासरीइतकी अचूकता गाठायला त्याला सुमारे १.५७ पट सॅम्पल लागतात. म्हणून आधी ३ किंवा ५ सॅम्पलचा मीडियन, मग सरासरी. क्रम उलटा केला तर स्पाइक आधीच सगळ्या विंडोभर पसरलेला असतो.

व्हायब्रेशनमध्ये खरी गोम आहे. बेअरिंगला नुकताच खड्डा पडला की ठोके अगदी क्षणिक असतात. आरएमएस (सिग्नलची एकूण सरासरी ताकद) जेमतेम हलतो, क्रेस्ट फॅक्टर (शिखर भागिले आरएमएस) आधी वाढतो. एफएफटी (सिग्नलचे वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींत तुकडे करणारं गणित) स्वतः काहीच गमावत नाही, पण आपण फेज (प्रत्येक फ्रिक्वेन्सीची वेळेतली जागा) टाकून फक्त मॅग्निट्यूड (तिची ताकद) ठेवतो. एकच ठोका आणि सततचा व्हाइट नॉइज, दोघांचाही स्पेक्ट्रम मग सपाटच. ठोके किती वेळाने येतात ते हवं असेल तर रेझोनन्सभोवतीचा (ठोक्याने यंत्र ज्या फ्रिक्वेन्सीला घणघणतं तिच्याभोवतीचा) बँड तेवढा गाळून घ्या, त्याचा एन्व्हलप (लाटेच्या शिखरांवरून जाणारी बाह्यरेषा) काढा आणि एफएफटी त्याचा करा.

एकदा गेलेली माहिती पुढच्या कुठल्याही गणिताने परत येत नाही. १ किलोहर्ट्झने सॅम्पलिंग केलं तर ९५० हर्ट्झचा सिग्नल ५० हर्ट्झचा दिसतो, म्हणजे थेट मेन्सच्या (घरगुती विजेच्या) हमसारखा. डिजिटल फिल्टरला त्यांतला फरक कळणं शक्यच नाही. लो-पास फिल्टर (वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) एडीसीच्या आधीच, सर्किटमध्ये हवा.