त्याच उपसागराचे पाणी: मॉन्टेरे बे अ‍ॅक्वेरियममधला एक दिवस

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे आणि आसपासच्या गावांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडे भारतातून आईवडील आले, की त्यांना दाखवायच्या ठिकाणांची यादी जवळजवळ ठरलेली असते. माझ्या यादीत सर्वांत वर मॉन्टेरे बे अ‍ॅक्वेरियम आहे, कारण तिथे सहा वर्षांची नात आणि सत्तरीतले आजोबा एकाच काचेसमोर सारख्याच उत्सुकतेने उभे राहतात आणि दोघांनाही विचारण्यासारखे काहीतरी सापडते. या उन्हाळ्यात आई-बाबा इथे असताना आम्ही पूर्ण दिवस तिथे घालवला. पुष्कळ मत्स्यालयांत दूरदूरच्या समुद्रांतले रंगीबेरंगी जीव एका छपराखाली आणून ठेवलेले असतात. मॉन्टेरेचे मत्स्यालय मात्र प्रामुख्याने ज्या उपसागराच्या काठावर ते उभे आहे, त्या एकाच उपसागराची ओळख करून देते, आणि एक जागा नीट समजून घेण्याचे जे समाधान असते, ते तिथून निघताना सोबत येते.

सॅन होजेहून मॉन्टेरे सुमारे ११५ किलोमीटरवर आहे. लसणासाठी प्रसिद्ध असलेले गिलरॉय मागे टाकून आर्टिचोक या भाजीच्या शेतांमधून समुद्राकडे वळले, की ऐन जुलैतही हवा गार होते आणि धुके दिसू लागते, त्यामुळे वडीलधाऱ्यांसाठी स्वेटर बरोबर हवेतच. या गारव्याला कारण आहे, आणि ते मत्स्यालयाशी थेट जोडलेले आहे. वसंतात आणि उन्हाळ्यात वायव्येकडून वाहणाऱ्या वाऱ्यांमुळे किनाऱ्यालगतचे वरचे पाणी बाहेर ढकलले जाते आणि त्याची जागा घ्यायला खोल समुद्रातले थंड, पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी वर येते. त्या पोषणावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांच्यावर लहान मासे, आणि त्या माशांवर पक्षी, सील आणि देवमासे जगतात. शिवाय मॉस लँडिंग या गावाच्या अगदी जवळून समुद्राच्या तळाशी एक प्रचंड दरी सुरू होते, जी पुढे साडेतीन किलोमीटरहून अधिक खोल जाते. किनाऱ्याच्या इतक्या जवळ इतकी खोली जगात फार थोड्या ठिकाणी सापडते.

मत्स्यालयाची इमारत ज्या जागेवर आहे, तिथे पूर्वी मासे डबाबंद करण्याचा कारखाना होता. नॉर्वेहून आलेल्या क्नूट होवडेन यांनी तो १९१६ मध्ये सुरू केला. या एकाच रस्त्यावर असे अनेक कारखाने होते आणि तिथे येणारी मासळी म्हणजे मुख्यतः सार्डिन, आपल्याकडच्या तारलीची भावंडे. डब्यांत जाणाऱ्या माशांपेक्षाही कितीतरी मासळी दळून खत आणि पशुखाद्य करण्यासाठी वापरली जाई. १९४०च्या दशकाच्या अखेरीस सार्डिन जवळजवळ नाहीसे झाले. समुद्राच्या तापमानातील नैसर्गिक चढउताराचा त्यात वाटा होता, पण बेसुमार मासेमारीचा वाटा कोणी नाकारत नाही. कारखाने एकामागून एक बंद पडले आणि होवडेनचा कारखाना सर्वांत शेवटी, १९७३ मध्ये, थांबला. प्रवेशद्वारातून आत आल्यावर त्या कारखान्याचे जुने बॉयलर अजूनही जागच्या जागी जपून ठेवलेले दिसतात. पुष्कळ लोक त्यांच्याकडे न पाहताच माशांकडे धावतात. मला मात्र दिवसाची सुरुवात तिथूनच करावीशी वाटते, कारण हा उपसागर एकदा रिकामा करण्यात आला होता हे कळल्यावर पुढचे सगळे वेगळ्या नजरेने पाहिले जाते.

हे मत्स्यालय २० ऑक्टोबर १९८४ रोजी सुरू झाले. कल्पना जवळच्याच हॉपकिन्स सागरी संशोधन केंद्राशी संबंधित जीवशास्त्रज्ञांची होती आणि ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या संस्थापकांपैकी डेव्हिड पॅकार्ड आणि त्यांच्या पत्नी ल्यूसिल यांनी त्यासाठी साडेपाच कोटी डॉलर दिले. त्यांची कन्या जूली पॅकार्ड यांनी पहिल्या दिवसापासून चार दशके संस्थेची धुरा वाहिली.

बाबा पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले आहेत. त्यामुळे केल्प या समुद्री शैवालाच्या जंगलासमोर सगळे जण माशांकडे पाहत असताना त्यांचा पहिला प्रश्न होता, "एवढं पाणी येतं कुठून, आणि बदलतात कधी?" तिथे उभ्या असलेल्या निळ्या जाकिटातल्या स्वयंसेवक आजींना मी तो इंग्रजीत सांगितला आणि त्यांचा चेहरा खुलला. पाणी थेट समोरच्या उपसागरातून पंपाने आत घेतले जाते, मिनिटाला सुमारे साडेसात हजार लिटर. दिवसा लोकांना स्वच्छ दिसावे म्हणून ते गाळून घेतात, पण रात्री मत्स्यालय बंद झाल्यावर न गाळलेले पाणी सोडतात. त्या पाण्याबरोबर सूक्ष्म जीव, अंडी आणि अळ्या आत येतात. टाकीतल्या काही प्राण्यांना त्यातून अन्न मिळते आणि काही जीव तर आपोआप येऊन खडकांवर वस्ती करतात, ज्यांना कोणीही मुद्दाम आणून ठेवलेले नसते. बाबांनी हे दोनदा विचारून खात्री करून घेतली. आयुष्यभर पाण्यातून प्रत्येक जीव बाहेर काढण्याचे काम केलेल्या माणसाला, रात्री मुद्दाम न गाळता पाणी सोडणारी यंत्रणा ही फार मोठी गोष्ट वाटली, आणि पुढे दिवसभर ते प्रत्येक टाकीत पाण्याची तोटी कुठे आहे हे शोधत राहिले.

ते केल्पचे जंगल या मत्स्यालयाचा आत्मा आहे, असे मला वाटते. केल्प म्हणजे तपकिरी रंगाचे अजस्र समुद्री शैवाल. त्याला मुळे नसतात. खडकाला घट्ट धरून ठेवणारी पकड असते आणि पानांच्या बुडाशी असलेल्या हवेच्या फुग्यांमुळे ते सरळ वर, उजेडाकडे उभे राहते. ही टाकी साडेआठ मीटर उंच आहे आणि तिला छप्पर नाही, कारण केल्पला खरे ऊन लागते. तेवढ्यानेही भागत नाही. ते पोषक द्रव्ये पानांतूनच शोषून घेते, त्यामुळे पाणी सतत हलते राहिले नाही तर ते जगत नाही. म्हणून पाणी ढकलून लाटेसारखी हालचाल निर्माण करणारे यंत्र इथे बसवले आहे, ज्याच्या घडणीत स्वतः डेव्हिड पॅकार्ड यांनी हात घातला होता. या टाकीतले केल्प दिवसाला सरासरी दहा सेंटीमीटर वाढते, त्यामुळे डायव्हरांना नियमितपणे ते कापावे लागते. ठरावीक वेळी एक डायव्हर आत उतरून माशांना खाऊ घालतो आणि मुखवट्यातल्या मायक्रोफोनवरून काचेबाहेरच्या लोकांशी बोलतो. तेव्हा लहान मुले जमिनीवर मांडी घालून बसतात. आमची मुलगीही बसली आणि तिच्या शेजारी, गुडघे दुखत असूनही, आई.

त्यानंतर समुद्री पाणमांजरे. त्यांच्याकडे पाहून सगळ्यांनाच हसू येते, पण त्यांची हकीकत गंभीर आहे. समुद्रातल्या इतर सस्तन प्राण्यांसारखा त्यांच्या अंगावर चरबीचा थर नसतो. थंडीपासून त्यांचा बचाव होतो तो केवळ दाट केसांमुळे, एका चौरस इंचात दहा लाखांपर्यंत केस. याच केसांसाठी अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत त्यांची इतकी शिकार झाली, की कॅलिफोर्नियात ती संपलीच असे मानले जात होते. १९११ मध्ये आंतरराष्ट्रीय कराराने त्यांना संरक्षण मिळाले आणि १९३८ मध्ये बिग सर किनाऱ्यावर सुमारे पन्नास पाणमांजरांचा एक कळप असल्याचे जगाला कळले. आज कॅलिफोर्नियात असलेली सुमारे तीन हजार पाणमांजरे त्या थोडक्या जिवांचीच संतती आहे. ऊब टिकवण्यासाठी प्रत्येक पाणमांजर रोज आपल्या वजनाच्या पाव हिश्शाएवढे खाते, आणि त्या खाण्यात सी अर्चिन नावाचा काटेरी, गोल प्राणी असतो जो केल्प कुरतडतो. पाणमांजर नसेल तर अर्चिन वाढतात आणि केल्पची जंगले उजाड होतात. म्हणजे मघाशी पाहिलेले जंगल आणि हा खेळकर प्राणी या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच.

इथे दिसणारी पाणमांजरे अनाथ अवस्थेत किनाऱ्यावर सापडलेली आणि पुन्हा मोकळ्या समुद्रात सोडता न येणारी आहेत. त्यांच्यापैकी माद्यांना एक मोठे काम दिलेले असते, ते म्हणजे नव्याने सापडलेल्या अनाथ पिल्लांना वाढवणे. कवच फोडणे, अन्न शोधणे, केस स्वच्छ ठेवणे हे सगळे पिल्लू त्या मानलेल्या आईकडून शिकते आणि मग त्याला समुद्रात सोडतात. माणसांची सवय लागू नये म्हणून या पिल्लांना हाताळणारे कर्मचारी काळे झगे आणि तोंड झाकणारे मुखवटे घालतात. हा भाग प्रेक्षकांना दिसत नाही. फलकावर तो वाचताना आईचे डोळे भरून आले. ती इतकेच म्हणाली, "परक्याचं पोर सांभाळतेय बाई."

जेलीफिशचे दालन अंधारे आहे आणि तिथे गर्दी फार असते. त्यांच्या टाक्यांना कोपरे का नसतात, हे मुलांना जरूर दाखवावे. जेलीफिश प्रवाहाबरोबर वाहत जातात आणि कोपऱ्यात अडकून फाटू शकतात, म्हणून टाकी गोल ठेवून पाणी हलकेच फिरवत ठेवतात. २०२२ पासून खोल समुद्राचेही एक दालन आहे. त्यातले जीव अशा खोलीवरून आणलेले आहेत जिथे प्राणवायू फार कमी असतो, त्यामुळे त्यांच्या पाण्यातला प्राणवायू मुद्दाम कमी करावा लागतो. हे ऐकल्यावर बाबा तिथून हलेनात.

खुल्या समुद्राच्या मोठ्या टाकीत सुमारे पंचेचाळीस लाख लिटर पाणी आहे. सार्डिनचा थवा तिथे एका अंगाने वळतो तेव्हा सगळी काच चमकते. याच टाकीत २००४ मध्ये पांढऱ्या शार्कचे एक पिल्लू १९८ दिवस राहिले. त्याआधी असे कोणालाही साधले नव्हते. २०११ पर्यंत आणखी काही पिल्ले आणली गेली आणि नंतर तो उपक्रम थांबवण्यात आला. मला तो निर्णय योग्य वाटतो. हजारो किलोमीटर फिरणाऱ्या प्राण्याला टाकी कितीही मोठी केली तरी अपुरीच, आणि ज्या संस्थेत डॉल्फिनचे खेळ कधीच झाले नाहीत, तिला तो मोह टाळणे शोभूनही दिसते.

आमच्या मुलीच्या दृष्टीने मात्र दिवसाचा सर्वांत मोठा प्रसंग होता हात लावता येणारे कुंड. बॅट रे नावाचा पाकट पाण्याच्या पृष्ठभागाजवळून जातो तेव्हा दोन बोटे सपाट धरून त्याच्या पाठीवरून हलकेच फिरवायची असतात. आजी आधी नको म्हणाली. नातीने तिचा हात धरून पाण्यात नेला आणि मग आजीनेच तिला सांगितले, की बाजारात पाहिलेल्या पाकटाची पाठ इतकी मऊ असेल असे तिला कधी वाटले नव्हते.

मासे खाणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी या संस्थेचे आणखी एक काम महत्त्वाचे आहे. १९९९ पासून ती कोणती मासळी घ्यावी याची मार्गदर्शिका काढते. हिरव्या रंगातली मासळी निश्चिंतपणे घ्यावी, पिवळ्यातली विचार करून, आणि लाल रंगातली टाळावी. मासे खाऊ नका असे ती सांगत नाही. कुठली, कुठे आणि कशा जाळ्याने पकडलेली, एवढे विचारा, असे सांगते. आपल्या किनाऱ्यांसाठी अशी साधी, रंगांची पत्रिका प्रत्येक मासळी बाजारात लागलेली पाहायला मला मनापासून आवडेल.

थोडे व्यवहाराचे. तिकीट महाग आहे आणि ते आधी ऑनलाइन काढून ठेवणे बरे. वर्षातून एकाहून अधिक वेळा जाणार असाल तर सभासदत्व परवडते. शक्य तर शाळा सुरू असतानाच्या कामाच्या दिवशी, दार उघडताच पोहोचावे. पाणमांजरांच्या आणि केल्पच्या जंगलातल्या खाऊच्या वेळा आल्या आल्या पाहून ठेवाव्यात आणि बाकी दिवस त्यांच्या आधाराने आखावा. सगळे पाहून संपवण्याचा हट्ट धरू नये. लिफ्ट आहेत, बसायला जागा आहे. दमलेल्या मंडळींनी समुद्राकडच्या गच्चीवर थांबावे. तिथून दुर्बिणीने उपसागर पाहता येतो आणि बहुतेक वेळा केल्पमध्ये पहुडलेले एखादे पाणमांजर किंवा खडकावरचे सील दिसतातच. गच्चीच्या एका बाजूला दिसणारा किनारा १९३१ मध्ये पॅसिफिक ग्रोव्ह गावच्या महापौर ज्यूलिया प्लॅट यांच्या प्रयत्नांनी राखीव झाला. त्या प्राणिशास्त्रातल्या डॉक्टरेट होत्या. बाई म्हणून विद्यापीठांत त्यांना जागा मिळाली नाही आणि सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी हे काम हाती घेतले. कारखाने जोरात चालू असताना जपलेल्या त्या पट्ट्याविषयी इथे येणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवे.

परतताना महामार्ग क्रमांक १ वर थोडे उत्तरेला, मॉस लँडिंगला जरूर थांबावे. तिथे एल्कहॉर्न स्लू नावाची खाडी समुद्राला मिळते आणि बंदराच्या काठावरून, तिकिटाशिवाय, रानटी पाणमांजरांचे कळप जवळून पाहता येतात. या खाडीतली त्यांची संख्या जी वाढली, त्यातली निम्म्याहून अधिक वाढ मत्स्यालयातल्या मानलेल्या आयांनी वाढवून सोडलेल्या पिल्लांमुळे आणि त्यांच्या संततीमुळे झाली, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले आहे. आईला हे आधी सांगून ठेवावे आणि मग गाडी थांबवावी, कारण नंतर तिला तिथून उठवायला अर्धा तास लागतो.