आबांची वारी, बारक्याचे टाळ

आमच्या घरात वारी आबांची. त्यांचे गुडघे गेले तशी ती बारक्याकडे आली, माझ्याकडे नाही. मी थोरला, पण नोकरदार, रजा मोजणारा. बारक्याचं गावात मोबाइल रिपेअरिंगचं दुकान. ज्येष्ठ वद्य लागला की दुकानाला कुलूप आणि गडी आळंदीला.

२०२० आणि २०२१ ला पायी वारी झालीच नाही, माउलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. त्या दोहोंच्या मधे, २०२१ च्या एप्रिलात, बारक्या गेला. दुसरी लाट. वय सत्तावीस. ऑक्सिजनची खाट मिळेपर्यंत उशीर झाला, त्यावर जास्त लिहीत नाही. दहाव्याला घाटावर आम्ही पाच जण. भेटायला कुणी आलं नाही, येणार तरी कसं? फोन मात्र खूप आले. फोनवर नीट रडताही येत नाही, नुसतं "हो, हो" म्हणत राहायचं.

२०२२ ला वारी निघणार हे नक्की झालं तसे आबा म्हणाले, "भिशी भरून ये." भिशी म्हणजे दिंडीतल्या जेवणा-मुक्कामाची वर्गणी. कुणाच्या नावाची ते बोलले नाहीत. मी माझ्या नावाची भरली आणि खुंटीवरचे त्याचे टाळ काढले. टाळांची दोरी त्याच्या हाताच्या घामानं काळी पडलेली, एका जागी तुटली तिथं चार्जरची वायर पिळून गाठ मारलेली. रिपेअरिंगवाल्याचं काम!

२१ जूनला आळंदीहून प्रस्थान झालं. दोन वर्षांनी माणसं भेटत होती, त्यामुळे रामकृष्णहरी झालं की आधी चौकशी, कोण आलं, कोण नाही. प्रत्येक दिंडीत गाळलेल्या जागा होत्या.

पुण्याहून निघालो ती एकादशी. दिवसभर उपास, हडपसरच्या रस्त्यावर हातात पडतील ती केळी आणि राजगिऱ्याचे लाडू, आणि वर दिवे घाट. (सेल्फीवाल्यांनी घाटाचा पार बाजार केलाय, पण ते असो.) माझ्या शेजारी डोक्यावर तुळस घेतलेली एक म्हातारी चालत होती. टाळांकडे बघून म्हणाली, "कुणाचा रं तू?"

"आबांचा थोरला."

"मग धाकला कुटं हाय? ट्रकात बसून ऱ्हायलं का काय गाबडं?"

सांगावं लागलं. घाटात थांबता येत नाही, मागची दिंडी टाचेवर येते. त्यामुळे ते सांगणं आणि ऐकणं दोन्ही चालता चालताच झालं. तिनं एका हातानं वृंदावन सावरलं, दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं ते वळण संपेपर्यंत सोडलं नाही. मग स्वतःशीच बोलल्यासारखी बोलायला लागली. रात्री मुक्कामाला तो एक्स्टेंशन बोर्ड घेऊन बसायचा, सगळ्या म्हाताऱ्यांचे फोन चार्जिंगला लावायचा. बटणं बसलेली नीट करून द्यायचा, पैशाचं नाव काढलं की पळायचा. "माज्या लेकीचा नंबर त्यानंच लावून दिलाय. दोन दाबून धरलं की लागतो. अजून लागतोय बग." असं म्हणून तिनं खरंच कमरेच्या पिशवीतून फोन काढला आणि चढावर, धापा टाकत, दोन दाबलं. पलीकडून "हां आई" आलं. "काय न्हाई गं, असंच," म्हणून तिनं फोन ठेवला.

सासवडला दोन मुक्काम. तिथं सोपानदेवांची समाधी. ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये एकविसाव्या वर्षी समाधी घेतली, महिन्याभरात सोपानदेवांनी, मग मुक्ताबाई. थोरले निवृत्तिनाथ सगळ्यांना पोहोचवून शेवटी त्र्यंबकेश्वरी गेले. लहानपणापासून ऐकलेलं, परीक्षेत लिहिलेलं. पण तेव्हा माझं सगळं लक्ष ज्ञानेश्वरांकडे असायचं. थोरल्याचं काय झालं असेल, हा प्रश्न तिथल्या दर्शनबारीत उभा असताना पहिल्यांदा पडला. उत्तर मिळालं असं म्हणणार नाही. रांग पुढं सरकली.

पुढं जेजुरी, वाल्हे, नीरेचं स्नान, लोणंद. टाळ हळूहळू हाताला लागले. पावली, म्हणजे टाळांच्या ठेक्यावर पावलं टाकणं, काही जमली नाही, वीणेकरी बुवांनी नाद सोडला. पण रोज कुणी ना कुणी येऊन बसायचं आणि बारक्याचं काहीतरी सांगायचं. चंदूकाका का कोण म्हणून मला हाका मारणारा आचारी म्हणाला, तुझा भाऊ भोपळ्याची भाजी दोनदा मागून घ्यायचा. तरण्या टाळकऱ्यांनी त्याच्या नकला करून दाखवल्या. एक जण तर हसता हसता ढसाढसा रडायला लागला, मीच त्याला पाणी दिलं. ज्या माणसांना दहाव्याला येता आलं नाही ती इथं, तंबूतंबूत, माझ्याजवळ बसून जात होती.

वेळापूर सोडल्यावर टप्पा नावाचं ठिकाण लागतं. तिथं बंधुभेट होते, माउलींची पालखी आणि सोपानकाकांची. दोन्ही रथ जवळ येतात, मानकरी एकमेकांना नारळ देतात. एवढंच बघायला माणसं झाडांवर चढलेली. मला गर्दीतून रथाचे कळस तेवढे दिसले. दोघं धाकटे भेटत होते. मी टाळ इतके जोरात वाजवले की बुवांनी वळून पाहिलं.

पंढरीत पदस्पर्शाच्या रांगेत उभं राहायची माझ्यात ताकद नव्हती. नामदेव पायरीशी टेकलो, कळसाला हात जोडले, गोपाळपूरचा काला घेऊन घरी आलो.

आबांनी लाह्या-बत्तासे कपाळाला लावले आणि डोळे मिटून पडून राहिले. आई मात्र रात्री उशिरापर्यंत ऐकत बसली. फोनचं दोनदा सांगायला लावलं, नकला करून दाखवायला लावल्या. भोपळ्याचं काही तिला पटेना. "आपला बारक्या? भोपळा? घरी ताटात दिसला तरी उठायचा तो. दुसराच कुणीतरी असेल, नीट विचार त्या आचाऱ्याला पुढच्या वर्षी."