बिनदुधाचे दिवस

भाची म्हणाली, "मावशी, तुझ्याच्यानं एकवीस दिवससुद्धा होणार नाही." मला एवढं पुरतं. ३१ डिसेंबरच्या रात्री अंगणात शेकोटीपाशी बसून मी हो म्हणून गेले. १ ते २१ जानेवारी, व्हेगन. मटण मी वर्षातून दोनदा खाते, तेही कुणी सावजी जेवायची हौस केली तर. त्यामुळे सोडायचं तरी काय आहे, असं वाटलं होतं. दूध, दही, ताक, तूप, खवा, पनीर आणि मधसुद्धा, हे भाचीनं हो म्हणवून घेतल्यावर सांगितलं.

सासूबाईंना समजावताना माझी खरी परीक्षा झाली. "उपास आहे का?" नाही. "डॉक्टरचं पथ्य?" नाही. "मग नवस बोलली काय?" तेही नाही. त्या जरा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "मग दूध काऊन सोडून राहिली? दूध काही मटण आहे का बाप्पा?"

आता त्यांना काय सांगणार, की १९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मंडळींनी हाच प्रश्न उलटा विचारला होता. दूध-अंडी खाणाऱ्या शाकाहाऱ्यांपासून वेगळं व्हायचं म्हणून त्यांनी 'व्हेजिटेरियन' शब्दाचं डोकं आणि शेपूट तेवढं घेऊन 'व्हेगन' केलं, मधलं सगळं गाळलं. ताटातलं मधलं काय काय गळतं ते मला पुढच्या तीन आठवड्यांत कळलं.

पहिला दिवस झोकात सुरू झाला. धरमपेठेत तर्री पोहे खाल्ले. पोहे, वरून हरभऱ्याची लाल तर्री, चिवडा, कांदा, सांबार, लिंबू. (सांबार म्हणजे कोथिंबीर, पुण्याच्या वाचकांनी इडली शोधू नये.) यात दुधाचा थेंब नाही. नागपूरचा माणूस सकाळी सकाळी नकळत व्हेगन असतो, पोह्यांनंतरचा चहा येईपर्यंत. टपरीवाल्याला म्हटलं, "काळा दे, बिनदुधाचा." त्यानं गाळणी हातात तशीच धरून विचारलं, "काय झालं ताई? शुगर निघाली का?"

मग हेच चालू झालं. ऑफिसात काळा चहा घेतला की कुणी ॲसिडिटीवर औषध सुचवायचं, कुणी आवाज बारीक करून रिपोर्टचं विचारायचं. 'मी व्हेगन करून पाहतेय' म्हटलं की हसायचे, 'पथ्य आहे' म्हटलं की हळहळायचे. चौथ्या दिवसापासून मी पथ्यच सांगायला लागले. घरी सोया दूध आणून आल्याचा चहा केला, तर कपात पडताच त्याचे बारीक पांढरे गोळे झाले. नवऱ्यानं कपात डोकावून पाहिलं. "याचं पनीर कर," म्हणाला आणि स्वतःचा चहा घेऊन अंगणात गेला.

जेवणाचं म्हणाल तर हाल मुळीच झाले नाहीत. जानेवारी म्हणजे विदर्भात चंगळ. तुरीच्या ओल्या दाण्यांची, म्हणजे सोल्यांची आमटी, कांद्याची पात घातलेलं वांग्याचं भरीत, जवसाची चटणी, ज्वारीची भाकर, ठेचा. पाटोडीचा रस्सा. गोळाभातावर हिंग-मोहरीची कडकडीत फोडणी. व्हेगन हा शब्द इकडे यायच्या कितीतरी आधीचं हे जेवण. फक्त गोळाभाताशेजारी कढीची वाटी नव्हती, आणि ती नाही हे दर घासाला कळत होतं. शेंगदाणे भिजवून, वाटून, गाळून त्या दुधाला मिरचीच्या देठांचं विरजण लावून पाहिलं. थंडीत भांडं शालीत गुंडाळून ठेवलं. सकाळी दही लागलं होतं खरं, पण ते आपण शेंगदाणा असल्याचं शेवटपर्यंत विसरलं नाही.

दूध कुठे कुठे दडलेलं असतं! बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका, आणि मागे बारीक अक्षरांत दुधाची भुकटी. आपल्याकडच्या हिरव्या ठिपक्याला दूध चालतं, मधही चालतो. व्हेगनसाठी २०२२ मध्ये सरकारनं वेगळं चिन्ह आणलं, हिरव्या 'व्ही'वर एक पान. आमच्या गल्लीतल्या दुकानात मला ते सापडलं नाही. मी चष्मा लावून पुडे उलटेपालटे करत होते आणि दुकानदाराला वाटत होतं की मी तारीख पाहतेय.

संक्रांत आडवी आलीच. हळदीकुंकवाला गेले. बशीत बटाटेवडा, संत्रा बर्फी आणि तिळाची वडी. बर्फी खव्याची, म्हणून ती शेजारणीच्या नातवाला दिली. तीळ आणि गूळ तरी आपले, असं म्हणत वडी उचलली, तोच यजमानीणबाई कौतुकानं म्हणाल्या, "ताटाला साजूक तूप लावूनच थापते हो मी, म्हणून अशी सुटते." वडी रुमालात गेली.

दूध वासराच्या वाट्याचं असतं, हे भाचीचं म्हणणं मी थट्टेवारी नेत नाही. काटोलकडच्या माहेरी आमची गाय होती. आजी आधी वासरू सोडायची. ते ढुशा द्यायचं, गाय पान्हा सोडायची, की लगेच त्याला ओढून खुंटीला बांधायचं. तोंडाला फेस लागलेलं ते वासरू मान ताणून बघत राहायचं. आजी एक सड त्याच्यासाठी राखायची आणि त्याचा तिला अभिमान होता. बाकीचे तीन आमचे. हा हिशेब मला लहानपणी कधी खटकला नाही. या जानेवारीत, काळ्या चहाचा कप हातात असताना, दोन-तीनदा खटकला.

तिसऱ्या आठवड्यातला रविवार होता. घरच्यांचं दूध चालूच असल्यामुळे आठवड्याची साय साठली होती. विरजण लावलेली साय घुसळली, लोणी काढलं, कढवायला ठेवलं. तूप व्हायला आलं की आधी फेस बसतो, तडतड थांबते, वास बदलतो. तो वास आला की घरातला प्रत्येक जण काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात डोकावतो. तूप गाळलं. पातेल्याच्या बुडाशी बदामी रंगाची बेरी राहिली. ती खरवडून, चिमूटभर साखर घालून, मी कपाटातल्या बरणीला झाकण लावत होते तेव्हा लक्षात आलं की चमचा माझ्या तोंडात आहे.

थुंकणार होते. नाही थुंकले. पातेलंही पुसून खाल्लं.

संध्याकाळी भाचीला फोन केला आणि सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं, आता वासराचं ऐकावं लागणार.

"मावशी," ती म्हणाली, "साखर आधी घातली, की गरम पातेल्यात?"