हृदयातलं लोह: फेरिटिनवर थांबू नका, एमआरआयवरचा टी-टू-स्टार करून घ्या

चढवायच्या रक्ताच्या एका पिशवीत साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतं. महिन्याला दोन पिशव्या धरल्या तर वर्षाकाठी पाच ग्रॅमच्या आसपास. निरोगी मोठ्या माणसाच्या अख्ख्या अंगात मिळून तीन-चार ग्रॅम असतं, आणि जादाचं लोह बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. रोज एक-दोन मिलिग्रॅम झडतं, तेवढंच. जळगाव-धुळ्याकडचे थॅलेसेमियाचे रुग्ण असोत की धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरचे, वरचेवर रक्त लागणारे सिकलसेलचे रुग्ण, लोह दोघांच्याही अंगात साठतं. सिकलसेलमध्ये ते हृदयात कमी आणि उशिरा जातं, पण वर्षानुवर्षं रक्त चढत असेल तर गृहीत धरू नका.

फेरिटिन, म्हणजे साठलेल्या लोहाचा अंदाज देणारी रक्ताची तपासणी, कमी आलं की घरचे निर्धास्त होतात. इथेच घोळ होतो. लोह काढायच्या गोळ्या-इंजेक्शनांनी यकृत काही महिन्यांत हलकं होतं, हृदयाला मात्र वर्षं लागतात. म्हणजे फेरिटिन बरं, यकृत स्वच्छ आणि हृदय भरलेलं, असं होऊ शकतं. टू-डी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग घसरलेलं दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. सुईने हृदयाचा तुकडा काढून तपासणं जोखमीचं, आणि लोह सगळीकडे सारखं पसरलेलं नसल्याने तो तुकडा फसवूही शकतो.

एमआरआयमध्ये सुईसुद्धा लागत नाही. लोह आपल्या आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र बिघडवतं, त्यामुळे स्नायूतून येणारा सिग्नल लवकर विझतो. तो किती वेगाने विझतो ते मिलिसेकंदांत मोजायचं, तोच टी-टू-स्टार. १.५ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीनवर २० च्या वर असेल तर ठीक. १० ते २० म्हणजे लोह साठलंय, १० च्या खाली म्हणजे धोका. हृदय निकामी होऊ लागलेले थॅलेसेमियाचे बहुतेक रुग्ण या १० च्या खालच्याच गटातले असतात. हे आकडे ३ टेस्लाला लागू नाहीत. तिथे टी-टू-स्टार मुळातच कमी भरतो आणि फुप्फुसाच्या हवेमुळे चित्रही जास्त बिघडतं. म्हणून चिठ्ठीवर ‘१.५ टेस्ला’ लिहूनच घ्या, आणि एसटीत बसण्याआधी सेंटरला फोन करून ‘हृदयाचा टी-टू-स्टार होतो का’ हे विचारा. मशीन असलं तरी ते सॉफ्टवेअर असेलच असं नाही.

आता प्रत्यक्ष तपासणी, ती करणाऱ्या तंत्रज्ञासाठी. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याच्या मधोमध चित्राचा एकच आडवा काप, १० मिलिमीटर जाडीचा. एकाच श्वासरोधात, साधारण २ ते १८ मिलिसेकंदांच्या दरम्यान, आठ वेळा सिग्नल टिपायचा. कॉन्ट्रास्ट (चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून द्यायचं औषध) लागत नाही. दुसऱ्या कारणासाठी द्यायचाच असेल तर टी-टू-स्टार आधी उरका, कारण त्यातल्या गॅडोलिनियमने आकडा बदलतो. मोजमाप फक्त डाव्या-उजव्या कप्प्यांच्या मधल्या पडद्यावर. बाहेरच्या भिंतीला फुप्फुस आणि शिरा लागून असल्याने तिथे लोह नसतानाही आकडा खोटा कमी येतो. मोजायच्या भागाची खूण पडद्याच्या पूर्ण जाडीत करा, पण कडेचं रक्त आत घेऊ नका.

सर्वात मोठी चूक नेमकी जास्त लोहाच्या रुग्णात होते. टिपलेल्या आठ बिंदूंपैकी पहिल्या तीन-चारांतच सिग्नल संपतो, पुढचे बिंदू म्हणजे नुसता नॉइज (सिग्नल नसलेला कचरा), सपाट रेघ. ते बिंदू धरून सिग्नल विझण्याचा वक्र बसवला की टी-टू-स्टार प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो आणि अत्यवस्थ रुग्ण मध्यम गटात जाऊन बसतो. शेपटीचे बिंदू काढून पुन्हा बसवा. आकड्याआधी वक्र बघायचा, ही सवय हवीच.

श्वास पूर्ण सोडून थांबवायचा, भरून नव्हे. सोडल्यावर छाती-पोटामधलं श्वासपटल दर वेळी जवळपास त्याच जागी येतं. दहा-पंधरा सेकंद लागतात, म्हणून लहान मुलाकडून बाहेर बाकावर चार-पाच वेळा करून घ्या. मशीनमधला हिंदी-इंग्रजी आवाज बंद करून माइकवर अहिराणी किंवा पावरी बोलीत सांगितलं तर पोर घाबरत नाही आणि चित्रही हलत नाही.

चांदीचे कडे, जोडवी, करदोटा, ताईत, साडीच्या पिना, सगळं बाहेर. चांदी चुंबकाला चिकटत नसली तरी तापू शकते, आणि ताईताच्या पेटीत लोखंड असू शकतं. सिकलसेलच्या रुग्णासाठी आणखी एक: मशीनची खोली गार असते आणि गारठ्याने दुखणं उठू शकतं. घोंगडी न्या, आधी भरपूर पाणी पाजा. घोंगडीला पिन नाही ना, ते बघा.

त्याच वेळी यकृताचाही एक काप घ्या, एका श्वासाचंच काम आहे. थॅलेसेमियात पहिली तपासणी साधारण दहाव्या वर्षापर्यंत व्हावी, औषध नीट चालू नसेल तर त्याआधीच. पुढे २० च्या वर असेल तर दोन वर्षांनी, १० ते २० ला वर्षाने, १० च्या खाली सहा महिन्यांनी. औषध बदलायचं की जोडीने द्यायचं हे रक्तविकारतज्ज्ञ ठरवतील. त्यांच्याकडे जाताना नुसता कागद नको, सीडी न्या, आणि मागची सीडीही सोबत ठेवा.